निपाणीची मूठ: दहा मीटर एअर पिस्तूल निवडीचे एक प्रकरण

निपाणीजवळच्या एका गावातली वीस वर्षांची मुलगी. उजव्या हाताची नेमबाज, दहा मीटर एअर पिस्तूल, तीन वर्षांचा सराव. घर कर्नाटकात आणि रेंज कोल्हापुरात, याचे सीमाभागात कुणाला नवल वाटत नाही. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेंगळूरु पाचशेच्या पुढे. स्पर्धा कर्नाटकाकडून, सराव महाराष्ट्रात. क्लबच्या जुन्या स्टायर एलपी २ पिस्तुलावर तिचे शेवटचे तीन स्कोर (साठ गोळ्या, सहाशेपैकी) ५४८, ५५२ आणि ५४४. ऊस आणि तंबाखूवर चालणारे घर. कारखान्याचे बिल जमा झाल्यावर वडिलांनी अडीच लाख रुपये बाजूला काढले आणि रेंजवरच्या प्रशिक्षक सरांना विचारले, "सर, कुठलं पिस्तूल घेऊया, तेवढं सांगा."

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेल्या काकांचे मत आधीच ठरलेले होते. सगळ्यात जड आणि सगळ्यात महाग असेल ते घ्या, आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे. मुलीच्या मनात मोरिनी कंपनीचे पिस्तूल होते, कारण शेजारच्या लेनवरची मुलगी त्यावर ५७० मारते. सरांनी नाव सांगितले नाही. आधी गेल्या महिन्याची टार्गेटे मागवली.

टार्गेटांत काय दिसले ते आकड्यांत पाहू. या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिमी अंतरावर असते. छर्रा वर्तुळाला नुसता शिवला तरी गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ, ३२ च्या आत सात. साठ गोळ्यांत तिच्या चौदा गोळ्या खाली-डावीकडे, घड्याळातल्या साडेसातच्या दिशेला, आठ आणि सातमध्ये पडलेल्या. बाकीच्या बऱ्याचशा नऊ-दहात. दहा गोळ्यांची एक सिरीज तर ९५ ची. पिस्तूलच खराब असते तर गोळ्या चारी दिशांना विस्कटल्या असत्या. इथे चूक एकाच वाटेने जात होती.

तरी खात्री केली. क्लबचे पिस्तूल शिकंज्यात आवळून दहा मीटरवर दहा गोळ्या एका कागदावर मारल्या. भोकाच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ७ मिमी. दहाच्या वर्तुळात आरामात मावणारा गट. बॅरल निर्दोष.

मग हात मोजला. मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६८ मिमी, अंगठा सोडून तळव्याची रुंदी ७६. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप, म्हणजे मूठ, एम साइजची. तिची तर्जनी ट्रिगरवर जेमतेम टेकत होती, तीही टोकाने. बोटाचे टोक ट्रिगर सरळ मागे ओढत नाही, बाजूला ढकलते. उजव्या हाताच्या नेमबाजाचा नेम मग डावीकडे जातो. त्यात लांब ट्रिगर गाठायला तळवा ग्रिपभोवती फिरतो, करंगळी ताणते आणि पिस्तुलाचे तोंड खाली झुकते. साडेसातच्या दिशेचा उलगडा एवढाच.

नेम थोडा ढळतो म्हणजे नक्की किती, हे पिस्तुलात फार निर्दयपणे मोजले जाते. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत ३२० मिमी अंतर धरले आणि माशी खाचेत फक्त १ मिमी सरकली, तर दहा मीटरवर गोळी ३१ मिमी सरकते. म्हणजे थेट सात. याउलट हात थरथरून पूर्ण पिस्तूल १० मिमी समांतर हलले आणि माशी खाचेत नीट राहिली, तर नऊ मिळतात. ग्रिप चुकीची असली की पहिली चूक होते. हात हलला म्हणून पिस्तूल बदलणारे पुष्कळ भेटतात. माशी सरकते म्हणून ग्रिप बदलणारे थोडे.

म्हणून पहिला सल्ला पिस्तूल घेण्याचा नव्हताच. एका ओळखीच्या नेमबाजाकडून त्याच मॉडेलला बसणारी एस साइजची ग्रिप दोन आठवड्यांसाठी मागून आणली. ट्रिगरचे पाते मागे घेतले, म्हणजे तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग पात्यावर काटकोनात बसला. पंधरा दिवसांनी स्कोर ५५८ आणि ५६१. खालचा-डावा पुंजका निम्म्यावर आला. वडील म्हणाले, "मग हीच ग्रिप विकत घेऊन टाकूया की, अडीच लाख कशाला?" प्रश्न चोख होता. उत्तर असे, की क्लबचे पिस्तूल तीन जणांत वाटलेले. दर वेळी ग्रिप बदलायची, ट्रिगर हलवायचा, साइट (माशी आणि खाच) पुन्हा जुळवायची. शिवाय ग्रिपचे लाकूड हातासारखे कोरायचे तर ती स्वतःचीच हवी. खरेदी आवश्यक होती. मात्र कशासाठी, हे आता माहीत होते.

कारखान्याचे पिस्तूल आपल्या हाताला जुळवून घेणे, याला सेमी-कस्टम म्हणतात. त्या शब्दाबद्दल दोन वाक्ये. अमेरिकेत तो बहुतेक १९११ नमुन्याच्या पिस्तुलांसाठी वापरतात. आर्कान्सासमधल्या बेरीव्हिल गावच्या विल्सन कॉम्बॅट किंवा नाइटहॉकसारखे कारखाने मूळ मॉडेल ठरवतात, गिऱ्हाईक साइट, ट्रिगर, ग्रिप निवडतो आणि कारागीर ते हाताने जुळवतो. आपल्याकडे खेळाच्या पिस्तुलात तीच गोष्ट लाकडात घडते. यंत्र कारखान्याचे, मूठ तुमची.

यादी मोठी नव्हती. ऑस्ट्रियाचे स्टायर इव्हो १०, स्वित्झर्लंडचे मोरिनी सीएम १६२ ईआय, जर्मनीची वॉल्थर एलपी ५०० आणि फाइनवेर्कबाऊ पी ८ एक्स, इटलीचे पार्दिनी के १२. सगळी २०० बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालतात, सगळ्यांचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने जातो, सगळी शिकंज्यात दहाच्या वर्तुळात गट देतात. अचूकतेवरून यांच्यात निवड करणे म्हणजे पाच चांगल्या तराजूंत जास्त खरा कोणता हे विचारणे. पार्दिनी आणि फाइनवेर्कबाऊ लगेच बाजूला ठेवली. वाईट म्हणून नाही. तिच्या सरावाच्या रेंजवर ती वापरणारे कुणी नव्हते, आणि स्पर्धेच्या सकाळी हवा अडवणारी एक रबरी ओ-रिंग फाटली तर ती शेजारच्या पेटीतून मिळायला हवी. पिस्तूल ऐन स्पर्धेत अडले की काय होते ते टोकियोत मनू भाकरच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिले. मधेच बिघाड, दुरुस्तीत गेलेला वेळ, ५७५ गुण, बारावे स्थान, अंतिम फेरी हुकली. तिथे पथकासोबत प्रशिक्षक होते. निपाणीच्या मुलीसोबत वडील असतात.

उरली तीन.

मोरिनीचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक. आत यांत्रिक खटका नाही, बोटाने स्विच दबतो आणि विजेवर झडप उघडते. त्यामुळे तो फार स्वच्छ तुटतो, शिवाय कोरडा, म्हणजे गोळी न मारता करायचा सराव सलग करता येतो, दर वेळी काही ताणावे लागत नाही. तोटा बॅटरीचा नाही, बॅटरी कुणीही बदलतो. तोटा सर्किटचा. पश्चिम घाटाच्या कडेला, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते अशा हवेत, सर्किटवर ओल बसली तर त्याची दुरुस्ती बेळगावात किंवा कोल्हापुरात होत नाही. पिस्तूल आयातदाराकडे पाठवायचे आणि वाट बघायची.

वॉल्थरची एक्स्पर्ट आवृत्ती ग्रिपच्या बाबतीत सगळ्यात उदार. मूठ वर-खाली, आजूबाजूला आणि स्वतःभोवतीही फिरवता येते. पण नवख्या हाताला एवढे स्क्रू म्हणजे दर रविवारी काहीतरी हलवण्याचा मोह. अनुभवी खेळाडूला ते वरदान, तिला सध्या नको, असे सरांचे स्पष्ट मत. यावर दुमत असू शकते.

स्टायरमध्ये आत एक हलता वजनी तुकडा असतो, तो गोळी सुटताना उलट दिशेने जाऊन धक्का खातो. जाहिरातीत यावर फार भर असतो. खरे तर एअर पिस्तुलात गोळी काही मिलिसेकंदांत बॅरलबाहेर जाते आणि धक्का मुळातच किरकोळ, त्यामुळे या तुकड्यासाठी निवड फिरवू नये. स्टायरच्या बाजूने दोन गोष्टी पडल्या. यांत्रिक ट्रिगर, आणि रेंजवर त्याच कुळातली चार-पाच पिस्तुले. ग्रिपचा कल थोडा बदलता येतो, तेवढा पुरेसा.

कागदावर ठरलेले हातात तपासले. रेंजवरच्या लोकांची तिन्ही पिस्तुले मागून घेतली, प्रत्येकाची ग्रिप तिच्या मापाच्या जवळची. चाचणी साधी: उभे राहून डोळे मिटायचे, पिस्तूल नेहमीसारखे उचलायचे, श्वास स्थिर झाल्यावर डोळे उघडायचे. माशी खाचेत कुठे आहे ते दुसऱ्या माणसाने लिहायचे. प्रत्येकी वीस वेळा. दरम्यान खाली ठेवून मूठ सोडायची, नाहीतर हात मागची पकड लक्षात ठेवतो. मोरिनीवर वीसपैकी बारा वेळा माशी मध्यावर, स्टायरवर चौदा, वॉल्थरवर नऊ. माशी डावीकडे दिसली तर तोंड डावीकडे पाहते आहे, पिस्तूल मुठीवर थोडे उजवीकडे वळवायचे. मनगट वळवून दुरुस्त करायचे नाही, साठाव्या गोळीला मनगट थकते. वॉल्थर जुळवल्यावर तेही बरोबरीला आले असते, म्हणून नऊचा आकडा त्याच्या विरोधात धरला नाही.

मधे पुण्याहून एक निरोप आला. वापरलेले स्टायर एलपी १०, निम्म्या किमतीत, दोन सिलिंडरांसह. घरच्यांचा जीव तिकडे ओढला. सिलिंडरांचे फोटो मागवले. दोन्हींवर २०१४ चे उत्पादन. हवेच्या सिलिंडरला कारखान्याने दिलेली मुदत असते, या सिलिंडरांची दहा वर्षांची, आणि मुदतीत असलेला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी नेमबाजावर टाकली आहे. दोन्ही सिलिंडर बाद. नवीन दोन सिलिंडर, सील बदलणे, एम ग्रिपच्या जागी एस, हे सगळे धरल्यावर निम्मी किंमत पाऊण होत होती. शिवाय मूळ बिल नव्हते. जुने पिस्तूल घेणे चूक नाही, एलपी १० वर लोक वर्षानुवर्षे खेळतात. पण किमतीआधी सिलिंडरवरची तारीख आणि बिलावरचा क्रमांक बघावा, तो पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळवावा.

बिलाचे महत्त्व सीमेवर जास्त. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला भारतात शस्त्र परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण निवडणुकीची आचारसंहिता लागली की कोगनोळी नाक्यावर गाड्या उघडून बघतात, आणि पेटीत पिस्तूल दिसल्यावर ज्यूल कोण मोजत बसतो? बिल, क्लबचे ओळखपत्र, स्पर्धेचे पत्र, तिन्हींच्या प्रती पेटीतच. सिलिंडर काढून वेगळा.

शेवटी इव्हो १०, यांत्रिक, एस ग्रिप, उजव्या हाताची, आयातदाराकडून बिलासह. अडीच लाखांतले सगळे पिस्तुलात घातले नाहीत. आठवड्याला पाच दिवस, रोज ८० गोळ्या म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या वर छर्रे, ५०० च्या डब्यांत बेचाळीस डबे. ही वजाबाकी आधी केली नाही तर एप्रिलमध्ये नवे पिस्तूल कपाटात आणि छर्रे उधारीवर, अशी गत होते. छर्रे चपट्या नाकाचे. डोक्याचे माप ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमीचे नमुने आणून शिकंज्यात प्रत्येकी दहा-दहा गोळ्यांचे तीन गट मारले. या बॅरलला ४.५० भावला. फरक एखाद्या मिलिमीटरचा, पण एकदा तपासून डोक्यातून काढून टाकायची गोष्ट आहे.

हवेचा प्रश्न कोल्हापुरात सुटतो, रेंजवर कॉम्प्रेसर आहे. घरी सराव वाढला तसा एक हातपंप आणायचा विचार झाला, आणि काकांनी बेळगावच्या उद्यमबागेतल्या वेल्डिंगवाल्याकडची टाकी सुचवली. हे ठामपणे लिहून ठेवण्यासारखे आहे: वेल्डिंगची टाकी ऑक्सिजनची असते, आणि पिस्तुलातल्या ग्रीसशी दाबाखालचा ऑक्सिजन भिडला की स्फोट होतो. फक्त कोरडी हवा, बाकी काही नाही. हातपंपात अडचण दमटपणाची. पावसाळ्यात पंप हवेबरोबर पाणीही दाबून भरतो, ते सिलिंडरच्या तळाशी आणि पुढे दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरच्या सीलवर बसते. ओल शोषणारी फिल्टरची नळी लावावी, तिच्यातले दाणे रंग बदलले की बदलावेत. त्यापेक्षा डायव्हिंगची बारा लिटरची टाकी बरी, ती कोल्हापूर किंवा गोव्याहून भरून आणता येते. भरताना झडप अगदी हळू उघडायची, मिनिटभर तरी घ्यायचे. झपाट्याने भरले की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर १८० वर येतो. २०० च्या वर कधीही नाही. टाकीत १८० च उरले तर सिलिंडर १८० ला भरतो, त्याने गोळीचा वेग बदलत नाही, गोळ्या थोड्या कमी मिळतात. काटा १०० जवळ आला की पुन्हा भरायचे.

पिस्तूल आल्यावर पहिले तीन आठवडे स्कोर पडला. ५५३, ५४९. घरात चेहरे उतरले. कारण असे, की पेटीतून निघालेली एस ग्रिप कुणाच्याच हाताची नसते, ती सरासरी हाताची असते. तिच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात ३ मिमी पोकळी राहत होती, त्यामुळे हात दर उचलीला वर-खाली बसायचा. तिथे दोन भागांची इपॉक्सी पुट्टी थोडी थोडी भरली. तळव्याला पातळ प्लास्टिक गुंडाळून मूठ दाबली, पंधरा मिनिटांनी सोडली, एक दिवस वाळू दिली, मग ऐंशी आणि एकशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरने घासली. एका वेळी एकच जागा. एका वेळी दोन जागा बदलल्या तर स्कोर कशामुळे हलला ते कळत नाही. मधल्या बोटाची वरची कड ट्रिगर गार्डखाली घट्ट टेकली पाहिजे. तर्जनी मात्र लाकडाला कुठेच लागता कामा नये. लागली की ट्रिगर ओढताना अख्खे पिस्तूल सोबत ओढले जाते. ही चूक फोटोत दिसत नाही. तर्जनी आणि लाकूड यांच्यात कागदाची पट्टी सरकवून बघायची.

तळव्याखालची फळी काकांनी घट्ट करायला सांगितली होती, रायफलच्या सवयीने. घट्ट फळी हात वर ढकलते आणि थकल्यावर गोळ्या वर चढतात. फळी टेकावी, दाबू नये, मिलिमीटरभर सैल. शिवाय ती ग्रिपशी काटकोनापेक्षा आत वळलेली चालत नाही, आणि पूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावले पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत. पुट्टी जास्त भरली की ५० मिमीची रुंदी पहिली ओलांडली जाते. काकांनाच पुढे काम मिळाले: त्यांनी उद्यमबागेतून पितळेचे १० आणि १५ ग्रॅमचे तुकडे कातून आणले, मापात अगदी चोख. बॅरलखाली १५ ग्रॅमने नेमावरचा हात शांत झाला, २५ ने शेवटच्या दोन सिरीज पडल्या. १५ ठेवले. असल्या कामाला बेळगावचे लेथवाले भारी. ट्रिगरच्या खटक्याला मात्र त्यांना हात लावू द्यायचा नाही.

खरी फजिती पहिल्या स्पर्धेच्या तपासणीत झाली. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. बॅरल उभी धरून ट्रिगरवर ५०० ग्रॅमचे वजन लटकवतात, खटका सुटायला नको. तीन प्रयत्न मिळतात. घरी ५१२ भरलेला ट्रिगर इथे पहिल्या दोन प्रयत्नांत सुटला. कारण तांत्रिक आणि क्षुल्लक. घरी वजनाचा हूक पात्याच्या वरच्या भागात, पिव्हटजवळ अडकवला होता. तिथे तरफ आखूड, त्यामुळे वजन जास्त भरते. अधिकाऱ्यांनी पात्याच्या मध्यावर लटकवले. ट्रिगर दोन टप्प्यांत दबतो; तिसऱ्या प्रयत्नाआधी पहिल्या टप्प्याची स्प्रिंग अर्धा फेरा आवळून निभावले, पण साठ गोळ्या अनोळखी ट्रिगरवर मारल्या. ५५१.

त्यानंतर ट्रिगर मध्यावर मोजून ५२० ठेवला. पहिला टप्पा ३८०, दुसरा १४०. वीस ग्रॅमची ही मोकळीक बोटाला कळतही नाही. पाते पुढे-मागे किंवा तिरके केले की प्रत्येक वेळी पुन्हा वजन. दुसरा टप्पा फार बारीक करण्याची हौस टाळली. सिलिंडर बदलताना किंवा लिव्हर मिटताना खटका आपोआप सुटू लागला तर तो स्क्रू मर्यादेबाहेर गेला, असे समजावे आणि एक फेरा मागे यावे.

सप्टेंबरअखेरचे तीन स्कोर ५६४, ५६०, ५६७. खालचा-डावा पुंजका साठपैकी तीन-चार गोळ्यांवर आला आहे. आता गोळ्या वर सांडतात, विशेषतः पाचव्या सिरीजनंतर, आणि तो दोष मुठीचा नाही, खांद्याचा आहे. फळी अजून अर्धा मिलिमीटर खाली घ्यायची आहे. पावसात अक्रोडाचे लाकूड किंचित फुगले आहे, म्हणून दिवाळीनंतर हवा कोरडी होईपर्यंत पॉलिश पेपर कपाटात ठेवला आहे.